किल्लीला हळदकुंकू

मुरलीधर नवलेला काम करताना कुणी पाहिलं नव्हतं. कामाजवळ उभा असलेला मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

संगमनेरला त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर थोरला भाऊ काढायचा. मुरलीधर घमेल्याशेजारी उभा राहून पाण्यात बुडबुडा कुठून येतो ते बोटाने दाखवायचा. भावाच्या हातांना सोल्युशन आणि काळं लागायचं, मुरलीधरचं बोट नुसतं ओलं व्हायचं. संध्याकाळी वडील विचारायचे, किती काढली? भाऊ हात धूत असायचा, तेवढ्यात मुरलीधर सांगून मोकळा व्हायचा, "आम्ही बरीच काढली."

या "आम्ही"वर त्याने पुढचा सगळा जन्म रेटला. डिप्लोमा झाला तो जोडीदाराच्या प्रोजेक्टवर. पुण्यात टीव्हीच्या कारखान्यात लागला, तिथे लाइनवर बसलेल्या पोरांच्या मागून हात पाठीशी बांधून फिरता येईल अशी जागा त्याने लवकरच मिळवली. मग दुबई. तिथल्या देरा भागातल्या मोबाइल दुरुस्तीच्या केंद्रात तो काउंटरवर बसला. सोल्डरिंगचं काम मागच्या खोलीत केरळची पोरं करायची. तिथून उड्या मारत मारत, पन्नाशी ओलांडेपर्यंत, तो सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत बिल्ड आणि रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर बांधून बाहेर पाठवणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. काचेची केबिन मिळाली. इस्त्रीचा शर्ट तो आधीपासूनच घालत होता.

त्याचं एक वाक्य होतं. "ते मी बघतो."

या वाक्याची गंमत अशी, की ते ऐकल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. मीटिंगमध्ये घोडं पेंड खायला लागलं की मुरलीधर चष्मा काढायचा, "ते मी बघतो" म्हणायचा आणि मीटिंग संपायची. त्यानंतर बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ते काम करून टाकायचं, आणि मुरलीधर म्हणायचा, आम्ही केलं. घरी मात्र हे चालत नसे. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा तो सोफ्यावरूनच म्हणाला, "ते मी बघतो."

त्याची बायको अर्चना शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "बघून बघून नळाला दृष्ट लागेल. मी प्लंबरला फोन केलाय."

कंपनी जो माल बनवायची तो थट्टेचा नव्हता. तेलाच्या टाक्या साफ करायला आत उतरणाऱ्या माणसांसाठी छातीवर बांधायचा फोन. दिसायला जाडजूड, रबरात गुंडाळलेला. आतला माणूस बेशुद्ध पडला, हालचाल थांबली, की फोनमधलं एक ॲप ते ओळखणार आणि भोंगा वाजवणार. हा भोंगा म्हणजे फोनचा नेहमीचा स्पीकर नव्हे. वेगळी चकती, वेगळा पुर्जा, आणि त्याच्याच जोडीला रेडिओ; टाकीच्या तोंडाशी बसलेल्या पहाऱ्यावरच्या माणसाच्या कानात तोच आवाज घुमायचा. मग दोरी ओढायची. टाकीत दोन-चार मिनिटं उशीर झाला तर ओढून काही उपयोग नसतो.

फोनची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याच्यावर सगळी ॲप चालतात ते मूळ सॉफ्टवेअर, कंपनी स्वतः बांधायची. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पहारेकरी असतो. ॲप समोर आलं की तो बघतो, याच्यावर कुणाची मोहोर आहे. मोहोर ओळखीची असेल तर बिल्ला मिळतो, आणि बिल्ल्यावरून ठरतं, याला भोंग्याच्या दारापर्यंत सोडायचं की नाही. मोहोर उमटते ती किल्लीने. किल्लीचे दोन भाग. एक गुप्त, तो तिजोरीतल्या लॅपटॉपवर. इंटरनेट नाही, वायफाय नाही. दुसरा उघडा, त्याला प्रमाणपत्र म्हणतात. पहारेकऱ्याला ओळख पटवायला हे प्रमाणपत्र लागतं, आणि ते कुठून घ्यायचं याचा पत्ता एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. सॉफ्टवेअर बांधताना ती फाइल वाचली जाते. किल्ली बदलली तर त्या फाइलमधली एक ओळ बदलायची. एवढंच काम. एक ओळ.

गेल्या दसऱ्याच्या आधी किल्ली बदलायची वेळ आली, कारण जुन्या किल्लीशी काम केलेला एक इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. हे योग्यच होतं. कुलपाची किल्ली ज्याच्या हाताखालून गेली तो गेला की कुलूप बदलतात. पण मुरलीधरला त्यात सण दिसला. ऑफिसात निम्मी मराठी माणसं, मालक गुजराती; मुरलीधरने जाहीर केलं, "खंडेनवमीला आपल्या हत्यारांची पूजा करू. आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी किल्ली."

खंडेनवमीला तिजोरीतला लॅपटॉप बाहेर काढून पाटावर ठेवला. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची फुलं करामाच्या बाजारातून आणली होती. कुणीतरी अक्षता टाकल्या त्या कीबोर्डमध्ये गेल्या. मुरलीधरने नारळ फोडला, तोही दुसऱ्या खेपेला, पहिल्या खेपेला हातच मागे घेतला. पूजेला लागलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून ठरलेलं काम बाजूला पडलं आणि सगळे पेढे खात बसले. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर नवी किल्ली काढली. म्हणजे अस्मीने काढली. मुरलीधर शेजारी उभा राहिला आणि फोटोत त्याचं बोट एंटरच्या बटणावर आलं.

अस्मी पेठे त्याच्या हाताखालची इंजिनिअर. जन्म शारजाचा, मराठी समजायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. तिचे वडील आणि मुरलीधर महाराष्ट्र मंडळातले जुने ओळखीचे, म्हणून तिच्या तोंडून "काका" निघून जायचं. मुरलीधर तिला टोकायचा, "ऑफिसमध्ये सर."

दसऱ्याचेही पेढे वाटून झाल्यावर तिने विचारलं, "सर, ॲप नव्या कीने साइन केलं मी. पण पॉलिसीच्या फाइलमध्ये अजून जुन्या सर्टिफिकेटचा पाथ आहे. आय कान्ट टच इट, ती फाइल तुमच्या नावावर लॉक आहे."

फाइल त्याच्या नावावर होती कारण त्यानेच ती ठेवून घेतली होती. महत्त्वाच्या गोष्टी आपल्या नावावर असाव्यात, असं त्याला वाटायचं.

"ते मी बघतो," मुरलीधर म्हणाला आणि हातातला पेढा संपवला.

त्याने खरंच बघितली. फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, तेवढ्यात मालकाचा फोन आला की पूजेचे फोटो पाठव. फोटो गेले. दुपारी अस्मीची विचारणा कामांच्या यादीत तशीच दिसली तेव्हा त्याने तिच्यापुढे 'झालं' अशी खूण केली. फसवायचा हेतू नव्हता. बघितलं म्हणजे झालं, अशी त्याच्या डोक्याला सवय होती.

आता हे पकडलं कसं गेलं नाही, तेही ऐकण्यासारखं आहे. ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनमध्ये पहारेकरी सैल ठेवलेला असतो. नियम मोडला तर तो नोंद करतो, अडवत नाही, म्हणजे इंजिनिअरांना चाचण्या करताना खोळंबा होत नाही. त्या फोनवर भोंगा झकास वाजला. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या फोनमध्ये पहारेकरी कडक. तिथे जुन्या मोहोरेची ओळख, नव्या मोहोरेचं ॲप. त्याने ते ॲप साध्या, अनोळखी ॲपांच्या रांगेत बसवलं आणि भोंग्याचं दार लावून घेतलं. पहारेकऱ्याची चूक नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने चोख केलं. सबंध गोष्टीत चोख काम करणारा तो एकटाच.

आणि माल पाठवण्याआधीची तपासणी? ती मुरलीधरच्या हातची. पूर्वी फोन निपचित पडू देऊन खरा भोंगा वाजवून बघायचे. शेजारच्या ऑफिसने आवाजाची तक्रार केली, तेव्हा मुरलीधरने तोडगा काढला: ॲपमध्ये एक चाचणीचं बटण द्यायचं. ते दाबलं की साध्या स्पीकरमधून पीप पीप. भोंग्याशी त्याचा काही संबंध नाही. मुरलीधरने प्रत्येक खोक्यातला वरचा फोन काढला, बटण दाबलं, पीप पीप ऐकलं, आणि मंजुरी दिली. माल अबू धाबीपलीकडच्या रुवैसला, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात गेला. तिथल्या एका ठेकेदाराची माणसं थंडीच्या बंदकाळात, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या शटडाउनमध्ये, टाक्या साफ करणार होती.

एका शुक्रवारी सकाळी अस्मीने जाहिरातीचा व्हिडिओ काढायला म्हणून उरलेल्या मालातला एक फोन घेतला. कॅमेरा लावला, फोन टेबलावर निपचित ठेवला. फोन पडून राहिला. भोंगा नाही. तिने पुन्हा ठेवला. मग फोन संगणकाला जोडला, आतल्या नोंदी वाचल्या आणि थेट केबिनमध्ये आली. दार वाजवलं नाही.

"काका, सायरन वाजत नाहीये. प्रॉडक्शन बिल्डमध्ये ॲपला परमिशनच नाही. तुम्ही पाथ चेंज केलाच नाही!"

मुरलीधरने चष्मा काढला. "सर."

"व्हॉट?"

"काही नाही. बस. पाणी पी."

"मला पाणी नकोय. रुवैसला फोन करा. लोक टँकमध्ये जाणार आहेत."

मुरलीधर घाबरला. पण ती भीती टाकीत उतरणाऱ्यांसाठी नव्हती. मंजुरीखाली कुणाचं नाव आहे, मालक काय म्हणेल, मंडळात काय पसरेल, अशा गोष्टींची ती होती. माणसं त्याच्या डोळ्यांपुढे नंतर आली, तीही धूसर, कारण अशी माणसं त्याने लांबूनच पाहिली होती.

"तू नवं बिल्ड लाव," तो म्हणाला. "फाइल मोकळी करतो. रुवैसचं मी बघतो."

ती ओळ अस्मीने बदलली. चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. बिल्ड व्हायला मात्र दिवस गेला. इकडे मुरलीधरने रुवैसला पत्र लिहिलं, आणि लिहिण्यात त्याने जेवढं डोकं खर्च केलं तेवढं कामात केलं असतं तर पत्राची वेळ आली नसती. 'उपकरणांसाठी एक किरकोळ सुधारणा उपलब्ध आहे. आपल्या सोयीने बसवून घ्यावी.' तिकडचा सुरक्षा अधिकारी इद्रीस, पेशावरचा पठाण. त्याचं उत्तर तासाभरात आलं: सुधारणा बंदकाळ संपल्यावर. उद्यापासून माणसं आत उतरतील.

मुरलीधरने ते उत्तर अस्मीला दाखवलं, जणू चेंडू आता त्यांच्या अंगणात. "बघ, कळवलंय आपण."

अस्मीने वाचलं. "किरकोळ? काका, सीरियसली? ह्यात कुठे लिहिलंय की सायरन वाजत नाही?"

"असं एकदम लिहायचं नसतं. गिऱ्हाईक घाबरतं."

"घाबरायलाच पाहिजे ना!" तिने फोन परत केला. "उद्या दुपारी बारापर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी शोधून काढते नंबर आणि मी सांगते. आणि सगळं सांगते, पेढ्यासकट."

घरी अर्चनाने त्याचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते काढून घेतलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग फोन का करत नाहीस?"

"समक्ष जाऊन बोललेलं बरं असतं."

"समक्ष जाऊन बोलणार आहेस, की समक्ष जाऊन गुपचूप बदलून येणार आहेस?"

मुरलीधर लॅपटॉपची पिशवी भरायला लागला. बेत तोच होता. शनिवारी सकाळी जायचं, नवं सॉफ्टवेअर चढवायचं, सुधारणा म्हणायचं, बाराच्या आत अस्मीला कळवायचं की झालं. त्याच संध्याकाळी अस्मीने नवं बिल्ड एका डिस्कवर देऊन केबल कुठे लावायची ते दाखवलं होतं. त्याने मान हलवली होती. केबल हातात घेतली नव्हती.

उजाडताच तो निघाला. अबू धाबी मागे पडलं, मिरफा गेलं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळू, मध्ये ट्रकांची रांग. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. इद्रीसला काय म्हणायचं, कसं हसायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर भांडं कुठल्या हातात धरायचं, याचा सराव माणूस सबंध वाळवंटभर करत होता.

ठेकेदाराचं आवार कारखान्याच्या फाटकाबाहेरच होतं. कंटेनरची ऑफिसं, पत्र्याची शेड, शेडखाली माणसं बसलेली. निळे डगले, कमरेला पट्टे, छातीवर फोन. बस यायची होती. ती आली की ही माणसं टाकीकडे जाणार. इद्रीस शेडच्या तोंडाशी उभा राहून एकेकाचा पट्टा ओढून बघत होता. प्रत्येकाचा. सैल वाटला की स्वतः आवळत होता.

मुरलीधर हसत पुढे गेला. "इद्रीसभाई! सलाम आलेकुम. मैंने सोचा, खुद ही आ जाऊँ."

"वालेकुम सलाम. क्यों?" इद्रीस पट्टा आवळत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"वो छोटा सा सुधार है ना. सब फोन मेरे को दे दो, अभी कर देता हूँ."

"मैंने लिखा था, बाद में."

"हाँ, लेकिन अच्छा रहेगा."

"फोन खराब है?" आता त्याने वर पाहिलं.

"नहीं नहीं! खराब नहीं. बस और अच्छा हो जाएगा."

इद्रीसने समोरच्या माणसाच्या छातीवरच्या फोनचं बटण दाबलं. पीप पीप. पुढच्याचं दाबलं. पीप पीप. "चल रहा है. सुबह सबका देखा मैंने. और अच्छा हमको अभी नहीं चाहिए, हबीबी. शटडाउन खलास, फिर करो." आणि तो माणसांकडे वळला. "यल्ला, उठो, बस आ गई."

बस खरंच आत वळत होती. माणसं उठली. कंबरा चोळत, एकमेकांना ढकलत रांग लागली. मुरलीधर तिथेच उभा. हातात लॅपटॉपची पिशवी, चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच, कुणी उतरवून घेतलं नव्हतं म्हणून राहिलेलं.

रांगेतला एक माणूस त्याच्यापाशी थांबला. चाळिशीचा, काटक, कपाळावर हेल्मेटचा वळ. "तुमी मराठी का ओ सायेब? हिंदी तसलीच वाटली."

"हो. संगमनेर."

"आगं बाबौ! मी अकोल्याचा. आपल्या नगरच्या अकोल्याचा. केरू भांगरे." त्याने छातीवरच्या फोनवर बोट ठेवलं. "ह्ये तुमी बनिवलंय व्हय?"

"आम्ही... हो."

"मंग मला सांगा, ह्ये वाजतं ना? न्हाई, बटण दाबल्यावर पिपाणी वाजती ती ऐकली. पर म्या आत पडलो तर वाजंल ना?"

हा प्रश्न साधा होता. हो किंवा नाही. मुरलीधरने आजवर या दोहोंच्या मधून वाट काढली होती; त्याच वाटेने त्याचा डिप्लोमा झाला, तो दुबईला आला, काचेच्या केबिनमध्ये बसला. त्याने तोंड उघडलं. ते जुनं वाक्य जिभेवर आलंही असेल. पण समोरचा माणूस थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि मागे रांग खोळंबली होती.

"नाही," मुरलीधर म्हणाला.

"काय न्हाई?"

"वाजत नाही. बटणाचं वाजतं ते वेगळं. खरा भोंगा बंद आहे."

केरूने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून मोठ्याने ओरडला, "खानसाब! ए खानसाब! ये साहब बोलता है ये बजता नहीं!"

इद्रीस परत आला. त्याने मुरलीधरला काही विचारलं नाही. केरूचा फोन पट्ट्यातून काढला आणि शेडखालच्या फरशीवर ठेवला. उताणा. सगळे भोवती जमले. बसचा ड्रायव्हर खाली उतरून तोही आला. फोन पडून राहिला. टाकीत पडलेला माणूस असाच पडला असता. कुणीतरी खोकलं. कावळा पत्र्यावर चालला तो ऐकू आला. भोंगा वाजायची वेळ गेली, त्याच्या दुप्पट गेली.

"म्येला ओ सायेब तुमचा गडी," केरू म्हणाला. "कोनी न्हाई आलं त्याला काढाया."

दोघेतिघे हसले. इद्रीस हसला नाही. त्याने बसच्या ड्रायव्हरला हाताने खूण केली. "खलास. आज कोई अंदर नहीं जाएगा." मग मुरलीधरकडे वळून, आवाज न चढवता, "तुमको कल मालूम था?"

"हाँ."

"कल तुमने मुझे लिखा, छोटा सुधार."

मुरलीधरने पिशवीतून लॅपटॉप काढला. इद्रीस त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला, जसा तो मघाशी सैल पट्ट्याकडे बघत होता. "बैठो. काम करो," तो म्हणाला आणि ठेकेदाराला फोन लावायला निघून गेला. फोनवर तो जे बोलला त्यातलं मुरलीधरचं नाव तेवढं शेडपर्यंत ऐकू आलं.

मग मुरलीधरने काम केलं. बघण्यासारखं होतं. त्याला पालथ्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर बसवलं आणि समोर फळीवर फोन मांडले. फोनची आवाज कमी करायची कळ आणि चालू करायची कळ एकदम धरून केबल खोचायची होती. त्याने केबल उलटी धरली. मग कळ लवकर सोडली. त्याने अस्मीला फोन लावला.

"सांगितलं का?" तिचा पहिला प्रश्न.

"सांगितलं."

"नक्की? सायरन वाजत नाही, असं सांगितलं?"

"सगळ्यांसमोर."

"ओके. मग आता व्हॉल्यूम डाउन दाबून ठेवा. सोडू नका. सोडलं का? काका, सोडू नका म्हटलं ना!"

तिने त्याला "सर" म्हटलं नाही आणि त्याने टोकलं नाही. पहिला फोन चढायला एवढा वेळ लागला की माणसांनी तेवढ्यात चहा पिऊन घेतला. दुसऱ्याला कमी लागला. पाचव्या-सहाव्याला त्याच्या अंगठ्याला कळ कुठे असते ते कळलं, आणि अंगठा दुखायला लागला. शर्टाच्या बाहीला रंगाच्या डब्याचा पिवळा डाग पडला. कुणी मदतीला आलं नाही. अवघड होतं म्हणून नव्हे. दाखवलं असतं तर केरूनेही केलं असतं. पण ज्याने घाण केली त्याने उपसायची, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. माणसं लांब बसून पत्ते कुटत होती आणि अधूनमधून मान वळवून बघत होती. सुट्टी मिळाल्याचा आनंद होता, पण ती कुणामुळे मिळाली त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं.

सगळे फोन चढवून झाले तेव्हा मुरलीधर उठला, कंबर धरून. "इद्रीसभाई, हो गया. एक चेक कर लो. सबमें एक ही सॉफ्टवेअर है, एक बजा तो सब बजेगा."

"अच्छा?" इद्रीस म्हणाला. "पिछली बार भी एक चेक किया था?"

त्याने फळीवरचा पहिला फोन उचलला, पट्टाही उचलला, आणि दोन्ही मुरलीधरच्या छातीवर लावून पाठीमागून करकचून आवळलं.

"ये क्या है?"

"फोन फर्श पर नहीं पड़ता, हबीबी. आदमी पड़ता है. लेटो."

मुरलीधरने आजूबाजूला पाहिलं. पत्ते थांबले होते. केरू पुढे येऊन बसला होता, पहाऱ्यावरच्या माणसाचा रेडिओ कानाला लावून. मुरलीधर फरशीवर बसला, मग आडवा झाला, इस्त्रीच्या शर्टानिशी. फरशी थंड होती, वाळू टोचत होती. त्याने हात अंगालगत घेतले आणि डोळे मिटले.

"हालू नका बरं का सायेब," केरू म्हणाला. "काई करू नका. नुसतं पडून ऱ्हा. जमंल ना?"

शेडमध्ये हशा पिकला. काही न करता पडून राहायचं, हे काम मुरलीधरला जमणार नाही असं कुणालाच वाटत नव्हतं. पण पडल्यावर त्याला कळलं की तेही सोपं नाही. छातीवरचा फोन जड होता. भोंगा वाजायला जो वेळ लागतो तो त्याने कागदावर मंजूर केला होता, त्यावर नाव घातलं होतं, आणि आता तो वेळ त्याच्या अंगावरून जात होता. तो संपेना. वाजला नाही तर? अस्मीने ओळ नीट बदलली असेल ना? आपण एकदा तपासायला हवी होती. श्वास घ्यावा की घेऊ नये, त्यानेही हालचाल होत असेल का, हे त्याला माहीत नव्हतं. या फोनच्या प्रत्येक बिल्डवर त्याचं नाव होतं आणि त्याला हे माहीत नव्हतं.

भोंगा वाजला. छातीतच वाजल्यासारखा. मुरलीधर दचकून उठायला गेला तोवर केरूने रेडिओ टाकून त्याच्या पाठीवरचा पट्टा धरला होता आणि एका हिसक्यात त्याला फरशीवरून फरफटत शेडबाहेर उन्हात आणून सोडलं होतं. केरू असा आला जसं टाकीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाने यायचं असतं, चेष्टेचा लवलेश नव्हता. दोघांना धाप लागली.

"वाजलं," केरू म्हणाला.

मुरलीधरला काहीतरी बोलावंसं वाटलं. आपण आलो, आपण सांगितलं, त्याचं कुणी काहीतरी म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. त्याने तसं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलंही. माणसं कानातली बोटं काढत होती. इद्रीसने त्याच्या छातीवरचा फोन सोडवला, त्यावर खडूने खूण केली आणि तो बाजूच्या खोक्यात ठेवला.

मग त्याने फळीवरचा दुसरा फोन उचलला.

"लेटो," तो म्हणाला.

मुरलीधरने फळीकडे पाहिलं. रांग लांब होती. त्याने शर्टाची वाळू झटकली, मग झटकण्यात अर्थ नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो पुन्हा आडवा झाला.